विल्यम द ब्रोज : राजाच्या वहीत अडकलेला बॅरन

नमस्कार. मध्ययुगीन इंग्लंडचा बॅरन म्हटलं की डोळ्यांसमोर किल्ला, घोडा आणि तलवार येते. आज आपण त्याचा हिशोब बघणार आहोत, कारण बॅरनचं घराणं उभं राहायचं ते हिशोबावर आणि बुडायचं तेही हिशोबानेच. उदाहरणाला घेऊया विल्यम द ब्रोज. मृत्यू 1211.

[पडद्यावर : नकाशा. ससेक्स, वेल्सची सीमा, लिमरिक]

घराणं मूळचं नॉर्मंडीतल्या ब्रिउझचं, नाव तिथूनच आलं. इंग्लंडमध्ये ससेक्सचा ब्रॅम्बर किल्ला त्यांचा. वेल्सच्या सीमेवर ब्रेकन, रॅडनर आणि ॲबरगॅव्हनी. या सीमेवरचं राजकारण रक्ताचं होतं. 1175 च्या नाताळात विल्यमने वेल्श सरदार सेसिल अप डिफनवल आणि त्याच्या माणसांना ॲबरगॅव्हनीच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथेच कापून काढलं. मामाच्या खुनाचा सूड, असं कारण दिलं गेलं. वेल्समध्ये हे नाव पुढे कुणी विसरलं नाही.

आता मुख्य गोष्ट. बॅरन जमिनीचा मालक नसतो. जमीन राजाची, बॅरन ती 'धरतो'. बदल्यात ठरलेल्या संख्येने शूर सैनिक, म्हणजे नाइट, द्यायचे, नाहीतर त्याऐवजी पैसे भरायचे. बाप वारला की मुलाने वारसाहक्कासाठी राजाला नजराणा द्यायचा. मुलगा अज्ञान असेल तर तो सज्ञान होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न राजाकडे. विधवेचं लग्न, वारस मुलीचं लग्न, तेही राजाच्या परवानगीने, आणि ती परवानगी विकत मिळायची. आपल्याकडच्या वतनदाराशी तुलना करायचा मोह होतो, पण हा फरक लक्षात ठेवा : इथे नजराण्याला वरची मर्यादाच नव्हती. 1205 मध्ये निकोलस द स्टटव्हिलकडून राजा जॉनने वारशासाठी 10,000 मार्क मागितले. दहा वर्षांनी मॅग्ना कार्टाने, म्हणजे बॅरनांनी जॉनकडून मान्य करून घेतलेल्या सनदेने, बॅरनसाठी हाच आकडा 100 पौंडांवर, म्हणजे 150 मार्कांवर, बांधून टाकला. यावरून बघा, राग कशाचा होता.

मार्क म्हणजे नाणं नव्हे, फक्त हिशोबाचं एकक. एक मार्क म्हणजे 160 पेनी. प्रत्यक्षात चलनात एकच नाणं, चांदीची पेनी.

1201 मध्ये जॉनने विल्यमला आयर्लंडमधला लिमरिकचा मुलूख दिला. किंमत 5,000 मार्क, वर्षाला 500 मार्कांचा हप्ता. गुणाकार करा : 8 लाख पेनी. एका पेनीचं वजन साधारण 1.4 ग्रॅम, म्हणजे एक टनाहून जास्त नाणी. हप्ता वेळेवर भरला असता तर 1208 पर्यंत 3,500 मार्क भरून व्हायला हवे होते. भरले त्याचा लहानसा भाग. आणि बराच काळ राजाने फारसा तगादाही लावला नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यातूनच घडलं. राजाचा खजिना ज्या टेबलावर हिशोब करायचा ते होतं दहा फूट लांब, पाच फूट रुंद, वर चौकटींचं कापड. चौकटींवर सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि 29 सप्टेंबरच्या सुमारास. पैसे भरले की पावती म्हणून लाकडाची काडी : 1,000 पौंडांसाठी तळहाताच्या जाडीची खाच, 100 साठी अंगठ्याएवढी, 20 साठी करंगळीएवढी. मग काडी उभी चिरायची, एक भाग खजिन्याकडे, दुसरा भरणाऱ्याकडे. खाचा जुळल्या तरच हिशोब खरा. थकबाकी चर्मपत्राच्या गुंडाळीवर वर्षानुवर्षं चढत राहायची. बॅरन मर्जीतला असेल तर ती थकबाकी नुसती झोपलेली. मर्जी गेली की त्याच दिवशी तीच नोंद जप्तीचं कायदेशीर कारण. जॉनने ही पद्धत शोधली नाही, पण तिचं हत्यार करण्यात त्याच्याइतका निष्ठुर कुणी नव्हता.

मर्जी का गेली? 1202 मध्ये फ्रान्समधल्या मिराबोला जॉनचा पुतण्या, गादीवर हक्क सांगणारा आर्थर, पकडला गेला. पकडणारा विल्यमच. 1203 मध्ये आर्थर रुआँच्या कैदेतून नाहीसा झाला. 1208 मध्ये राजाने विल्यमकडे मुलं ओलीस मागितली. रॉजर ऑफ वेंडोव्हरच्या इतिवृत्तानुसार विल्यमची बायको मातिल्दा राजाच्या माणसांना तोंडावर म्हणाली की ज्याने पुतण्याचा खून केला त्याच्या हाती मी मुलं देणार नाही. शब्द नेमके हेच असतील असं नाही, पण कुटुंब पळालं हे खरं. आधी आयर्लंड. 1210 मध्ये जॉन सैन्य घेऊन तिथे उतरला. मातिल्दा आणि थोरला मुलगा विल्यम सापडले. सुटकेसाठी तिने 40,000 मार्क कबूल केले, जे कोणत्याही बॅरनच्या आवाक्याबाहेर होते. रक्कम आली नाही. मायलेक तुरुंगात उपासमारीने मेले. किल्ला विंडसर की कॉर्फ, यावर इतिवृत्तांचं एकमत नाही. विल्यम फ्रान्सला निसटला आणि 1211 मध्ये पॅरिसजवळ कॉर्बेई इथे वारला.

[पडद्यावर : वंशवृक्ष]

आता वंशवृक्षाकडे बघा. बॅरनची मुलं म्हणजे त्याचा विमा. एक मुलगा, जाइल्स, हेरफर्डचा बिशप. एक मुलगी लॉरेटा, लेस्टरच्या अर्लची बायको. दुसरी, मार्गरेट, आयर्लंडमधल्या मीथच्या वॉल्टर द लेसीची. एक वेल्श राजघराण्यात दिलेली. तीन-चार जावयांचे किल्ले, एक धर्मपीठ : जमीन जप्त झाली तरी नाती जप्त होत नाहीत. जाइल्सने 1215 मध्ये बंडखोर बॅरनांची बाजू घेतली आणि वडिलांच्या जमिनींवर हक्क सांगितला. त्याच वर्षी तो वारला, तेव्हा भाऊ रेजिनल्ड पुढे आला. त्याने वेल्सचा राजा लुवेलिन याच्या मुलीशी लग्न केलं. ज्यांच्या रक्ताने बापाचे हात माखले, त्याच लोकांशी सोयरीक. घराणं परत उभं राहिलं ते असं. विधवा झालेल्या लॉरेटाने आणि तिची बहीण ॲनोराने मात्र वेगळी वाट धरली. दोघी चर्चलगतच्या कोठडीत कायमच्या बंद होऊन राहिल्या, एक कँटरबरीजवळ, दुसरी ऑक्सफर्डजवळच्या इफलीला.

राहिली मार्गरेट. 10 ऑक्टोबर 1216 ला आजारी जॉनने तिला हेरफर्डशरमधल्या ॲकनबरीच्या राजरानात, म्हणजे राजाच्या राखीव जंगलात, जमीन दिली. तिथे मठ बांधायचा आणि वडील, आई मातिल्दा आणि भाऊ विल्यम यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. नऊ दिवसांच्या आत जॉन मेला.