केसपेपरची पहिली ओळ

पहाटे सायकल काढणारे, मॅरेथॉनच्या तयारीसाठी रस्त्यावर धावणारे तुम्ही सगळे हेल्मेट, दिवे, रिफ्लेक्टर यांबद्दल भरपूर ऐकता. मी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जखमींच्या बाजूने दावे चालवते. त्यामुळे मला अपघातानंतरच्या पहिल्या दोन दिवसांबद्दल बोलायचं आहे, कारण दावा तिथेच बिघडतो.

दवाखान्यात ड्युटीवरचे डॉक्टर विचारतात, काय झालं? सोबतचा मित्र घाबरलेला असतो. तो म्हणतो, "सायकलवरून पडला." केसपेपरवर लगेच 'फॉल फ्रॉम बायसिकल' असं लिहिलं जातं. टेम्पोने मागून उडवलं, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. पुढे उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील नेमका तोच कागद समोर धरतात. पेशंट आपणहून पडला, आमच्या गाडीचा संबंध काय? हाडं मोडलेल्या माणसाला आपण खोटं बोलत नाही हे सिद्ध करत बसावं लागतं, याची मला चीड येते. म्हणून गाडीने धडक दिली हेच सांगा, नंबर दिसला असेल तर तोही लिहायला लावा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, नोंदवली का ते विचारा.

पोलीस ठाण्यातही असंच होतं. "जाऊ दे, गरीब ड्रायव्हर आहे," म्हणत आपली माणसं 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' असा जबाब देऊन मोकळी होतात. त्यामागच्या माणुसकीचा मला आदरच आहे. पण गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई सहसा विमा कंपनी भरते. रस्त्यावरचा सायकलस्वार किंवा धावपटू हा 'थर्ड पार्टी' असतो आणि त्याच्यासाठीचा विमा गाडीमालकाला सक्तीचा आहे. स्पॉट पंचनामा होईपर्यंत सायकल दुरुस्तीला टाकू नका. वाकलेलं मागचं चाक हा धडक मागून बसल्याचा पुरावा आहे.

१ एप्रिल २०२२ पासून दावा दाखल करायला अपघातानंतर सहा महिन्यांचीच मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर प्लास्टर निघेपर्यंत थांबू नका.

भरपाई ठरते कशी? २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, दाखल्यावरची अपंगत्वाची टक्केवारी जशीच्या तशी धरायची नाही. त्या इजेने कमाई किती घटली ते पाहायचं. हात गेलेल्या सुताराचं आणि कारकुनाचं नुकसान सारखं नसतं. मग सायकलवर दूध घालणाऱ्याचा गुडघा वाकेनासा झाला, तर तो रोज काय करायचा आणि आता काय जमत नाही, हे पुराव्यात यायलाच हवं.

गाडी पळून गेली तर? फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर इंटेलचे माजी भारतप्रमुख अवतार सैनी पहाटे सायकल चालवताना कॅबच्या धडकेने गेले. त्यांच्याबरोबर इतर सायकलस्वार होते, म्हणजे साक्षीदार होते. एकट्याने जाणाऱ्याला बऱ्याचदा साक्षीदारही मिळत नाही. गाडी सापडलीच नाही, तर गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्याकडे करायचा. हे फार तुटपुंजं आहे. रस्त्यात थांबून मदत करणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची किंवा साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे सगळ्यांना सांगा.

आणि खड्डे. गाडीचा संबंधच नसेल, तर आमच्या न्यायाधिकरणात दावा चालत नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ही रक्कम जबाबदार अधिकारी आणि ठेकेदार यांच्याकडून वसूल करायची आहे. तेव्हा पडलात तर सोबत्याला त्याच दिवशी खड्ड्याचा फोटो काढायला लावा, शेजारचं दुकान किंवा खांबाचा नंबर दिसेल असा. बातमी छापून आली की तो खड्डा रातोरात बुजवला जातो.