फॅट टायर : एका तांबूस एलचा लौकिक

[दृश्य : खिडकीशी ठेवलेला काचेचा ग्लास. बाटली तिरकी धरून बिअर सावकाश ओतली जाते.]

बाटलीच्या तोंडाशी मधासारखी फिकी दिसणारी धार ग्लासात साठत जाते तसतशी तांबूस होत जाते आणि वर बोटभर पांढरट फेस चढतो. नाक जवळ नेले की पहिल्यांदा भाजलेल्या पावाच्या कडेचा वास येतो, आणि त्याच्या मागोमाग गुळाच्या पाकाला उकळी फुटताना यावा तसा हलका गोडसर दरवळ. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांचा वास शोधावा लागतो. घोट घेतल्यावर आधी खमंगपणा, मग थोडा गोडवा, आणि गिळताना जिभेच्या मागच्या भागावर बेताचा कडवटपणा जाणवतो. ही फॅट टायर अँबर एल, म्हणजे उबेत आंबवलेली तांबूस बिअर.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या फोर्ट कॉलिन्स या गावी १९९१ साली जन्मलेली ही बिअर जवळजवळ तीन दशके क्राफ्ट बिअरची, म्हणजे लहान स्वतंत्र उत्पादकांच्या बिअरची, सर्वांत ओळखीची खूण होती. थंडाव्यात आंबवलेल्या फिकट लागर बिअरखेरीज दुसरे काही न प्यालेल्या कित्येक अमेरिकनांनी पहिला वेगळा घोट घेतला तो हिचा, आणि पुढे बिअरची जाण आल्यावर त्यांच्यापैकीच अनेकांनी ‘हिच्यात विशेष ते काय’ असे म्हणून तिच्याकडे पाठ फिरवली. इतका लौकिक या बिअरला शोभतो का, याचा विचार या निवेदनात करायचा आहे. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. तो शोभतो, परंतु तो माल्टने, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाने, मिळवलेला लौकिक आहे. लेबलावरच्या सायकलीने आणि कंपनीच्या चांगल्या नावाने त्यात मोलाची भर घातली असली, तरी ग्लासातल्या चवीवाचून तो तीस वर्षे टिकला नसता.

[दृश्य : फोर्ट कॉलिन्सचे जुने रस्ते, पाठीमागे रॉकी पर्वताची रांग.]

ज्या गावाचे नाव आज बिअरशी जोडले गेले आहे, त्या गावात १९६९ सालापर्यंत दारूविक्रीला बंदी होती, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही. देशभरात घरच्या घरी बिअर तयार करण्यालाही कायद्याची मुभा नव्हती. ती मिळाली १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने. जेफ लेबेश हे त्या मुभेचा मनापासून लाभ घेणाऱ्या पिढीतले. व्यवसायाने विद्युत अभियंता असलेले लेबेश १९८०च्या दशकाच्या अखेरीस जाड टायरांची सायकल घेऊन बेल्जियममध्ये हिंडले, तिथल्या बिअरची चव डोक्यात घेऊन परतले आणि आपल्या घराच्या तळघरात त्यांनी प्रयोग सुरू केले. त्यांच्या पत्नी किम जॉर्डन समाजकार्याच्या क्षेत्रात काम करत होत्या. १९९१ साली दोघांनी मिळून न्यू बेल्जियम ब्रुइंग कंपनी काढली, तेव्हा बाटल्या भरणे, त्या दुकानांत पोहोचवणे आणि गिऱ्हाइके मिळवणे ही कामे जॉर्डन यांनी स्वतः केली. लेबले रंगवली ती शेजारी राहणाऱ्या अ‍ॅन फिच यांनी, जलरंगांत. त्यांनी काढलेली लाल सायकल रमतगमत फिरायची, आरामशीर बैठकीची आहे. ज्या सायकलीवरून बिअरला नाव मिळाले, ती डोंगरवाटांवर चालणारी होती. लोकांच्या मनात मात्र कायमची बसली ती चित्रातलीच.

त्याच गावाजवळ १९८८ साली अनहॉयझर-बुश या बलाढ्य कंपनीचा कारखाना सुरू झाला होता. म्हणजे लेबेश यांच्या तळघरापासून थोड्याच अंतरावर, तांदूळ घालून हलक्या केलेल्या लागरचा पूर वाहत होता. अशा ठिकाणी खमंग, तांबूस, माल्टप्रधान एल विकायला काढणे धाडसाचे होते, आणि आजच्या पिणाऱ्याला ती बिअर सौम्य वाटते म्हणून ते धाडस लहान ठरत नाही.

[दृश्य : लाकडी टेबलावर चार वाट्या. प्रत्येकीत वेगळ्या रंगाचे माल्टचे दाणे.]

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे माल्टकडे येऊ. जवाला मोड आणून तो वाळवला की माल्ट तयार होतो. किती उष्णता, किती वेळ आणि दाण्यात किती ओल असताना दिली, यावर त्याचा रंग आणि चव ठरते. पहिल्या वाटीत फिका माल्ट आहे. बिअरला अंग आणि मद्यार्क देणारी बहुतेक साखर त्यातून येते. दुसऱ्या वाटीत म्युनिक माल्ट आहे. तो थोड्या अधिक उष्णतेवर वाळवलेला असतो आणि त्याला ताज्या पावाची चव असते. तिसऱ्या वाटीतला व्हिक्टरी माल्ट कोरडाच भाजलेला असतो. दाणा चावून पाहिला की बिस्किटाची आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारी चव लागते. चौथ्या वाटीत आहे क्रिस्टल माल्ट.

या चौथ्या माल्टची करामत समजून घेण्याजोगी आहे. मोड आलेला जव वाळवायच्या आधीच, ओला असतानाच, बंद पिंपात घालून साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसवर ठेवतात. त्या उबेत दाण्यातली विकरे सालीच्या आतच पिष्टाची साखर करून टाकतात, म्हणजे प्रत्येक दाणा आपल्यापुरता शिजतो. मग उष्णता वाढवली की ती साखर आतल्या आत कॅरॅमल होऊ लागते, घट्ट होते आणि थंड झाल्यावर काचेसारखी कडक बनते. दाणा दाताखाली फोडला तर चिक्कीसारखा कुडकुडीत लागतो आणि मागे मनुक्याची चव ठेवतो. या साखरेचा काही भाग यीस्टला पचवता येत नाही. तो बिअरमध्ये तसाच उरतो आणि तिला गोडवा व भरीवपणा देतो. रंगाच्या मोजपट्टीवर ८०च्या आसपास असलेला हा गडद माल्ट फॅट टायरच्या तांबूस छटेचा धनी होता.

या चार वाट्यांचा मेळ घालणे सोपे नाही. रवा भाजणारा हात कुठे थांबतो यावर लाडवाची चव ठरते. एक क्षण आधी उतरवला तर कच्चट राहतो, एक क्षण नंतर उतरवला तर करपट होतो. फॅट टायरच्या पाककृतीत ती थांबण्याची जागा नेमकी सापडली होती. कडवटपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर तिचा आकडा २२ होता, इंडिया पेल एलच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी, आणि मद्यार्क ५.२ टक्के. नगेट, गोल्डिंग्ज आणि विलॅमेट या हॉप्सचे काम एवढेच होते, की माल्टचा गोडवा बेतात ठेवायचा आणि पुढच्या घोटासाठी जीभ मोकळी करायची.

तिला ‘बेल्जियन’ म्हणण्यावर आक्षेप घेतला जातो, कारण बेल्जियमच्या नावाबरोबर ज्या लवंगेच्या, मिऱ्याच्या आणि फळांच्या वासाची अपेक्षा असते, तो हिच्या यीस्टमधून येत नाही. आक्षेप घेणारे एक विसरतात, की अँटवर्पची डी कोनिंक किंवा स्टीनहुफेलची पाल्म यांसारख्या तांबूस, बिस्किटी चवीच्या रोजच्या पिण्याच्या बिअरही बेल्जियमच्याच आहेत. फॅट टायरचे नाते मठांतल्या जड बिअरपेक्षा या घराण्याशी जुळते, आणि त्या दृष्टीने पाहिले तर तिचा दावा आम्हाला बराचसा खरा वाटतो.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत. ग्लास निवांत पीत बसलो आणि बिअर कोमट झाली, की तोच क्रिस्टल माल्ट जिभेवर चिकटतो आणि शेवटचे चार घोट गुळमट लागतात. दुसरे असे, की माल्टवर उभी असलेली बिअर दुकानाच्या फळीवर महिनोनमहिने राहिली तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे तिचा खमंगपणा मरतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव वर येते. जी बिअर देशभर पोहोचते तिच्या वाट्याला हे दुखणे हमखास येते. त्याच गावात १९८९ साली सुरू झालेल्या ओडेल ब्रुअरीची ‘९० शिलिंग’ ही स्कॉटिश वळणाची तांबूस एल आहे. दोन्ही ताज्या आणि शेजारीशेजारी ठेवल्या तर आम्ही ९० शिलिंगला झुकते माप देऊ, कारण तिचा शेवट अधिक कोरडा आहे. म्हणून ‘सर्वोत्तम अँबर एल’ हा किताब आम्ही फॅट टायरला देणार नाही. तिचा मोठेपणा आम्हाला दिसतो तो इथे, की ज्याला बिअरमध्ये धान्याची चव असते हेच ठाऊक नव्हते, त्याला तिने ती चव न बिचकवता दाखवली, आणि हे तिने लाखो लोकांसाठी केले.

[दृश्य : ब्रुअरीच्या आवारात उभ्या सायकलींची रांग.]

लौकिकाचा दुसरा भाग कंपनीच्या वागण्यातून आला. नोकरीचे एक वर्ष पूर्ण झाले की कामगाराला सायकल मिळे, पाच वर्षे झाली की बेल्जियमची सहल. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ब्रुअरीने विजेसाठी पवनऊर्जेची वाट धरली, आणि २०१२ सालच्या अखेरीस कंपनीची संपूर्ण मालकी कामगारांच्या न्यासाकडे गेली. २०१९ साली ती जपानच्या किरिन समूहातील एका कंपनीला विकण्याचा निर्णय झाला आणि भागधारक कामगारांच्या मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. किरिनचे म्यानमारमधील लष्कराशी संबंधित कंपनीशी असलेले भागीदारीचे नाते त्या वेळी टीकेचा विषय झाले होते, आणि ती टीका रास्त होती. दुसऱ्या बाजूने, तीनशेहून अधिक कामगारांना निवृत्तीसाठी प्रत्येकी एक लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळणार असल्याचे कंपनीने जाहीर केले होते. ज्यांनी वर्षानुवर्षे पिंपे धुतली त्यांच्या हाती पैसा गेला, याला आम्ही कमी लेखत नाही. विक्रीनंतर अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येनुसार न्यू बेल्जियम ‘क्राफ्ट’ या वर्गात बसेनाशी झाली, कारण त्या व्याख्येत मालकीची स्वतंत्रता ही अट आहे. बाटलीतली बिअर मात्र त्या दिवशी बदलली नव्हती.

बिअरचे नाव मालकापेक्षा जास्त जगते असेही नाही. कॅलिफोर्नियातील हॉपलंड येथे १९८३ साली सुरू झालेल्या मेंडोसिनो ब्रुइंग कंपनीची ‘रेड टेल एल’ ही अमेरिकेच्या तांबूस एलच्या परंपरेतली अगदी सुरुवातीची बिअर. १९९७ साली या कंपनीचे नियंत्रण विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाकडे गेले आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी किंगफिशरही तिथे तयार होऊ लागली. २०१८च्या जानेवारीत ती कंपनी बंद पडली, आणि फॅट टायरहून आठ वर्षांनी वडील असलेली रेड टेल तिच्याबरोबर थांबली.

[दृश्य : दोन ग्लास. एक तांबूस, एक सोनेरी.]

फॅट टायरवर जे आले ते निराळे होते. २०१०च्या दशकात हॉप्सच्या दणदणीत वासाच्या बिअर चलनात आल्या, तांबूस एल मागे पडली आणि विक्री घसरत गेली. २०२३च्या जानेवारीत कंपनीने पाककृती बदलली. रंग सोनेरी झाला, चव हलकी झाली, लेबलावरून ‘अँबर’ हा शब्द गेला. नाव आणि ५.२ टक्के हा आकडा तेवढा राहिला. ही नवी बिअर वाईट नव्हती. ती स्वच्छ होती, पिण्यास सुलभ होती आणि थंडगार घेतल्यावर तहान भागवत होती. परंतु तिच्यात पावाची कड नव्हती, पाकाचा दरवळ नव्हता, आणि तो चौथ्या वाटीतला दाणा जिथे असायला हवा होता तिथे रिकामी जागा जाणवत होती. नाव तेच ठेवून चव काढून घेणे हे जुन्या गिऱ्हाइकाशी केलेले सचोटीचे वर्तन नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नव्या बिअरला नवे नाव देता आले असते.

[दृश्य : घराचे तळघर. तराजू, जाळीची पिशवी, वाफाळते पातेले.]

घरी बिअर करणाऱ्यांमध्ये जुन्या फॅट टायरची नक्कल करण्याची पाककृती पूर्वीपासून हातोहात फिरत आली आहे. १९ लिटरचा एक घाणा घालायचा तर फिका माल्ट चार किलोच्या आसपास लागतो आणि त्यापुढे क्रिस्टल, म्युनिक व व्हिक्टरी प्रत्येकी थोडे थोडे. तराजूवर क्रिस्टलची वाटी ठेवणारा माणूस वजन बघून दहा-वीस ग्रॅम परत काढून ठेवतो, दोन दाणे तोंडात टाकतो, आणि मग पातेल्यावरचे झाकण उचलतो.