बाप्तिस्मा कुणाच्या नावाने?

श्रोतेहो, नमस्कार.

होम मैदानावर गड्ड्याची गर्दी अजून आहे. याच दिवसांत, 18 ते 25 जानेवारी या आठवड्यात, जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्या आपसातल्या ऐक्यासाठी प्रार्थना करतात. त्या निमित्ताने आज बोलायला आले आहे.

सोलापुरात कुणी ‘मी ख्रिस्ती आहे’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कॅथलिक का प्रोटेस्टंट? शेजारीपाजारी विचारतात ते कुतूहलाने, त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पण हाच प्रश्न एक ख्रिस्ती माणूस दुसऱ्या ख्रिस्ती माणसाला विचारतो, तेव्हा त्यात समोरच्याला जोखणं असतं. तू आमच्यातला आहेस का, आणि नसशील तर कितपत ख्रिस्ती आहेस, असं काहीतरी. याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्या शहरात किती तऱ्हेचे ख्रिस्ती लोक आहेत, बघा. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं 1860 च्या दशकात सुरू झालं. ती काँग्रिगेशनल परंपरा. प्रत्येक मंडळीनं आपला कारभार आपणच पाहायचा, वर बिशप वगैरे कुणी नाही. 1924 मध्ये या मंडळ्या प्रेस्बिटेरियन लोकांबरोबर एकत्र आल्या आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा त्यात सामील झाल्या. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट असे एकूण सहा प्रवाह त्या दिवशी एक झाले. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी वाटाघाटींत शेवटपर्यंत होती, पण ऐन वेळी बाहेर राहिली. ज्यांच्या पणजोबांना बिशप मुळीच नको होता, त्यांची पतवंडं आज बिशपांच्या हातून दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा संस्कार, घेतात. ही गोष्ट साधी नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला मुद्दा सोडायला मोठं मन लागतं.

रेल्वेमुळे इथं गोव्याची, तमिळनाडूची कॅथलिक कुटुंबं आली, केरळची सिरियन परंपरेची माणसं आली. आणि गेल्या काही दशकांत पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या उभ्या राहिल्या. कुठं भाड्याच्या हॉलमध्ये, कुठं पत्र्याच्या शेडखाली, कुठं कुणाच्या घराच्या गच्चीवर त्यांची उपासना चालते. टाळ्या, ढोलक, मोठ्यानं प्रार्थना, आजाऱ्यांच्या डोक्यावर हात. जुन्या मंडळ्यांतली काही माणसं नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्या वस्तीत आमचे पाळकसाहेब वर्षातून एकदा जातात, तिथं ही मंडळी रोज संध्याकाळी असते.

मग या सगळ्यांत सामायिक काय? बायबलमधलं, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र उघडा. तिथं लोक आपापल्या पुढाऱ्याचं नाव घेऊन म्हणत होते, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, म्हणजे पेत्राचा. मंडळी जन्माला येऊन जेमतेम काही वर्षं झाली होती आणि गट पडलेसुद्धा! पौल त्यांना काय विचारतो? ख्रिस्ताचे तुकडे झाले आहेत का? तुमचा बाप्तिस्मा पौलाच्या नावाने झाला का? मला नेहमी वाटतं, त्याला दुसरं काहीही विचारता आलं असतं. तुमची शिकवण तपासा म्हणता आलं असतं, मंडळीवर वडीलधारे नेमा म्हणता आलं असतं. त्याने आठवण करून दिली ती बाप्तिस्म्याची, पाण्याने मंडळीत घेण्याच्या संस्काराची. पाण्यातून आपण कुणाच्या नावाने बाहेर आलो, ते आठवा म्हणाला. माझ्या मते पंथापंथांतल्या ख्रिस्तीपणाचा प्रश्न इथंच सुटतो, किंवा इथंच अडतो.

अडतो तो असा. आमच्या चर्चमध्ये बाळाला पुढे आणतात. पाळकसाहेब दगडी पात्रातलं पाणी ओंजळीत घेतात आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाळाच्या कपाळावर सोडतात. बाळ दचकून रडतं, आजी पदराने त्याचं कपाळ टिपते, मंडळी गीत सुरू करते. कॅथलिक चर्चमध्ये स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्माच, होतो तेव्हा पवित्र तेलाचं लेपन असतं, पेटती मेणबत्ती असते. पण पाणी तेच आणि नावही तेच. याउलट, भीमेच्या पात्रात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून घेतलेला बाप्तिस्माही मी पाहिला आहे. चाळिशीचा माणूस, पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला, पास्टरांनी पाठीवर हात ठेवून त्याला पूर्ण पाण्याखाली नेलं आणि वर आणलं. वर आल्यावर तो ओक्साबोक्शी रडला. त्याचा विश्वास खोटा होता, असं कोण म्हणेल?

बाप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल लोकांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं. ते म्हणतात, आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. तान्ह्या बाळाला विश्वास कसा कबूल करता येईल? बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कुश देशाचा अधिकारी रथ थांबवून पाण्यात उतरतो, तो स्वतःच्या इच्छेने. मुद्दा वजनदार आहे. आमचं उत्तर असं की त्याच पुस्तकात फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतो, आणि देवाची कृपा आपल्या समजुतीची वाट पाहत थांबत नाही. दोन्ही बाजूंना शास्त्राचा आधार आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने 1970 मध्ये दोन्ही पद्धती मान्य केल्या, त्याचं कारण हेच. ज्या घराला बाळाचा बाप्तिस्मा हवा त्यांनी तो द्यावा, ज्यांना मूल मोठं होईपर्यंत थांबायचं आहे त्यांनी थांबावं.

माझं मन दुखतं ते पुढच्या पायरीवर. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्या माणसाला सांगितलं जातं की तो बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हता, नुसतं पाणी होतं, पुन्हा घे. घरात एक मुलगी नव्या मंडळीत जाऊ लागते आणि एका रविवारी येऊन आईला सांगते, तुम्ही मला जे दिलंत ते काहीच नव्हतं. त्या आईने त्या दिवशी उपास केलेला असतो, देवासमोर वचन दिलेलं असतं. तिच्या हातातून काय काढून घेतलं, याचा विचार कुणी करायचा?

हा वाद आजकालचा नाही. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन ठामपणे म्हणत होता, मंडळीपासून फुटलेल्यांनी दिलेला बाप्तिस्मा व्यर्थ, तो पुन्हा द्या. रोमचा बिशप स्तेफन म्हणत होता, पुन्हा देऊ नका, नुसते हात ठेवून त्यांना आत घ्या. पुढे तिथल्याच डोनाटिस्ट नावाच्या फुटलेल्या गटानं तोच प्रश्न आणखी तिखट केला. छळाच्या काळात ज्या धर्मगुरूंनी शास्त्रग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले, त्यांच्या हातचे संस्कार चालतील का, असं ते विचारत. संत ऑगस्टीनने त्यांना दिलेल्या उत्तराचा अर्थ असा: पेत्राने दिला काय, ख्रिस्ताला दगा देणाऱ्या यहूदाने दिला काय, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच. देणाऱ्याचे हात कसे आहेत, यावर तो अवलंबून नाही.

याच भूमिकेमुळे कॅथलिक चर्च आमच्या मंडळीत पाण्याने आणि त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या, नावाने झालेला बाप्तिस्मा खरा मानतं. कॅथलिक मुलगी आणि आमचा मुलगा लग्न करायला निघाले की तिच्या बाजूने बिशपांची परवानगी लागते. पण मुलाला पुन्हा पाण्यात कुणी उतरवत नाही, त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला पाहतात आणि पुढे जातात. इतकंच काय, दवाखान्यात नुकतंच जन्मलेलं बाळ अत्यवस्थ असेल, तर कॅथलिक नियमाप्रमाणे जवळची नर्सही त्याला बाप्तिस्मा देऊ शकते. ती स्वतः ख्रिस्ती नसली तरीही. चर्च जे करतं ते करायचा तिचा हेतू हवा, पाणी हवं आणि ते शब्द हवेत. मला कॅथलिक चर्चच्या काही गोष्टी मान्य नाहीत, पण या नियमापुढे मी मान लववते.

सगळं मिटलंय, असं मात्र समजू नका. बाप्तिस्मा एक मानला तरी प्रभूचं मेज, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाचा संस्कार, एक नाही. कॅथलिक मिस्सामध्ये, त्यांच्या मुख्य उपासनेत, आम्ही बसतो, प्रार्थना करतो आणि ती भाकरी, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, देण्याच्या वेळी जागेवर राहतो. सख्खी बहीण कॅथलिक घरात दिलेली असली तर ती रांगेत पुढे जाते आणि आपण बाकावर. पोपचा अधिकार, मरियामातेचा मान, धर्मगुरुपदावर स्त्रिया असाव्यात की नाही, हे प्रश्नही खरे आहेत. ते हसण्यावारी नेणं म्हणजे ज्यांनी त्यांपायी आयुष्य वेचलं त्यांचा अपमान. मातीला गेलं की हा फरक कानाला जाणवतो. सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत असतात. ‘वाईटापासून सोडव’पर्यंत एक आवाज. तिथं कॅथलिक थांबतात आणि आम्ही राज्य, पराक्रम, गौरव म्हणत पुढे जातो. निम्मे आवाज गळून पडतात.

आपल्या मराठी मुलखानं या बाबतीत दोन मोठी माणसं दिली आहेत. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथले नाना पंथ पाहून त्या चक्रावल्या आणि कुणी सांगतं म्हणून एखादं मत मान्य करायला त्यांनी साफ नकार दिला. केडगावात त्यांनी कुठल्याच एका पंथाची पाटी लावली नाही. दुसरे रेव्हरंड ना. वा. टिळक. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी. त्यांची भजनं आजही आमच्या उपासनेत पेटी-तबल्यावर म्हटली जातात. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बसणार होते.

टिळक माझ्या म्हणण्याला इथं अडवतात, हे मला मान्य आहे. मुक्तिफौजेचे, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचे, लोकही अडवतात. ते बाप्तिस्मा देतच नाहीत, आणि अहमदनगरला त्यांच्या इस्पितळानं कितीतरी गोरगरिबांची सेवा केली आहे. त्यांना ख्रिस्ती म्हणू नका, असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जिथं पाणी आणि नाव दोन्ही आहेत, तिथं ते पुसण्याचा अधिकार कुठल्याही मंडळीला नाही.

म्हणून सोलापुरातल्या पाळकांना, फादरांना आणि पास्टरांना माझी एक विनंती आहे. 2007 मध्ये जर्मनीत माग्डेबुर्ग इथं अकरा चर्चनी एकत्र बसून एका कागदावर सही केली: आम्ही एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य करतो. त्यांत कॅथलिक होते, ऑर्थोडॉक्स होते, प्रोटेस्टंट होते. बाप्टिस्टांनी सही केली नाही, कारण त्यांच्या विवेकाला ते पटत नव्हतं, आणि तरीही बोलणं थांबलं नाही. असा कागद आपल्या शहरातही होऊ शकतो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिनाला आपल्या सगळ्या मंडळ्यांतल्या बाया एकत्र जमतात. त्या वर्षी ज्या देशातल्या स्त्रियांनी प्रार्थना लिहिली असेल, ती म्हणतात. त्या दिवशी कोण कुठल्या चर्चची, हे कुणी विचारत नाही. कागदाचा मसुदा त्याच बायकांकडे द्या. ज्यांना सही करता येणार नाही, त्या मंडळींनीही बैठकीला यावं आणि का करता येत नाही ते समोर बसून सांगावं. तोवर निदान एवढं व्हावं: दुसऱ्या मंडळीतून कुणी आपल्याकडे आलं, तर आधी त्याचा दाखला मागून घ्या आणि तो वाचा. त्यावर कुणाचं नाव आहे, ते पाहा.

नमस्कार.