अख्ख्या घरातल्या जाहिराती एका डबीने कशा अडवायच्या?

नमस्कार मंडळी. ही डबी बघा. पत्त्यांच्या कॅटाएवढी आहे. आत रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आहे, आणि अशीच एक डबी गेलं वर्षभर आमच्या कराडच्या घरी, टीव्हीच्या मागे, राउटरला खेटून बसलेली आहे.

ती बसवली अप्पांमुळे. अप्पा रोज सकाळी चहा घेत फोनवर बातम्या वाचतात. एके दिवशी बातमीच्या मधोमध पाटी आली, 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले, त्वरित साफ करा.' लाल अक्षरं, खाली हिरवं बटण. अप्पांनी ते दाबलं. दाबणारच. आयुष्यभर कचेरीत ज्या कागदावर 'तातडीचे' असा शेरा असेल तो आधी हातावेगळा केलेला माणूस आहे तो. पैसे गेले नाहीत, पण फोनमध्ये नको ती दोन अॅप येऊन बसली, आणि ती काढेपर्यंत फोन हातात धरवत नव्हता. अप्पा मात्र दोन दिवस माझ्याशी अपराध्यासारखं बोलत होते. मला राग आला तो त्याचाच. चूक त्यांची नव्हती, आणि शरम त्यांना वाटत होती.

तेव्हा मी आधी नेहमीचा उपाय केला. अप्पांच्या फोनवर जाहिराती अडवणारा ब्राउझर टाकला. मग आईच्या फोनवर. मग लक्षात आलं की अॅपच्या आतल्या जाहिराती तशाच आहेत, आणि टीव्हीवर तर असलं काही टाकताच येत नाही. घरात सात-आठ यंत्रं, प्रत्येकाला वेगळी चौकीदारी किती दिवस करणार? चौकी हवी उंबऱ्यावर.

आता हे चालतं कसं ते सांगते. एवढं कळलं की पुढच्या सगळ्या अडचणी तुमच्या तुम्हाला सोडवता येतील.

नव्या गावात गेल्यावर तुम्ही पत्ता कुठे विचारता? गल्लीच्या तोंडाशी पानटपरी असते, तिथे. इंटरनेटवरही तसंच आहे. फोनला साइटचं फक्त नाव माहीत असतं. त्या नावाचा आकड्यांतला पत्ता आधी कुणाला तरी विचारावा लागतो. ही विचारायची व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ साली मांडली. त्याआधी जाळ्यातल्या सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच फाइलीत लिहिलेले असत, आणि कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर आणि त्यांचे सहकारी ती फाइल सांभाळत. फाइलीचं नाव होस्ट्स. हे नाव लक्षात ठेवा.

तुमच्या घरातली यंत्रं बहुधा इंटरनेट कंपनीच्या टपरीवर पत्ते विचारतात. ती टपरी जो विचारेल त्याला, जो विचारेल तो पत्ता सांगते. पाय-होल हे सॉफ्टवेअर वापरायचं म्हणजे आपल्या दारात आपली स्वतःची टपरी टाकायची. टीव्ही येऊन विचारतो, 'डबलक्लिक डॉट नेट कुठे राहतात हो?' हे गूगलच्या जाहिराती जिथून येतात ते ठिकाण. टपरीवाला यादी बघतो आणि उत्तर देतो, ०.०.०.०. म्हणजे असं इथे कुणी राहत नाही. टीव्ही परत जातो. जाहिरात आली आणि आपण ती झाकली, असं इथे होत नाही. ती घरात उतरतच नाही. त्यामुळे डेटा वाचतो, आणि अप्पांच्या जुन्या फोनवर बातम्यांची पानं पटकन उघडायला लागली, हे त्यांनीच मला सांगितलं.

पाय-होल बसवताना जी यादी आपोआप सुचवली जाते, ती स्टीव्हन ब्लॅक या नावाने ओळखली जाते. हजारो नावं आहेत तिच्यात. आणि ती लिहिलेली असते होस्ट्स फाइलीच्या साच्यात. पूर्वी त्या नावाची फाइल कोण कुठे राहतं ते सांगायची, आज त्याच नावाच्या साच्यात कुणाला दारात उभं करायचं नाही ते लिहिलं जातं. मला हे फार आवडतं.

(पडद्यावर: क्वेरी लॉग)

हे पाय-होलचं रोजनाम्याचं पान. कुठल्या वेळी, कुणी, कुठलं नाव विचारलं आणि काय निकाल लागला, ते इथे दिसतं. हिरवी ओळ म्हणजे सोडलं, लाल म्हणजे अडवलं. आता ही ओळ जवळून बघा. वेळ रात्री २ वाजून ४७ मिनिटं. विचारणारा, आमचा टीव्ही. घरात सगळे झोपलेले. टीव्ही आईने रिमोटने बंद केलेला, म्हणजे फक्त पडदा काळा, भिंतीवरचं बटण चालूच. आणि हा टीव्ही त्या वेळी प्रेक्षकांची मोजदाद करणाऱ्या एका सर्व्हरचा पत्ता विचारतोय. पत्ता मिळाला नाही, म्हणून थोड्या वेळाने परत विचारतोय. पुन्हा लाल. पुन्हा. पुन्हा. मी हे आईला दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'मी तर बंद केला होता गं.' त्या रात्रीपासून ती झोपताना भिंतीवरचं बटण बंद करते.

टीव्हीचं हे वेड नवं नाही. अमेरिकेत २०१७ साली व्हिझिओ या टीव्ही कंपनीला २२ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचं म्हणणं होतं की १ कोटी १० लाख टीव्हींवर काय चाललंय ते सेकंदा-सेकंदाला टिपलं जात होतं, आणि बघणाऱ्यांची नीट संमती घेतलेली नव्हती. आपल्याकडेही २०२३ साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. कायदा हवाच. पण आपल्या घरातून आज रात्री काय बाहेर जातंय, हे बघायला मला तरी हे लाल ओळींचं पान जास्त उपयोगी पडलं.

बसवणं सोपं आहे. रास्पबेरी पाय नसला तर लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉपही चालतो, ५१२ एमबी रॅम पुरते. लागणारा हुकूम खाली वर्णनात दिलाय, तो चिकटवा आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत जा. एका प्रश्नापाशी जरा थांबा. आपल्या टपरीवाल्याला जगातले सगळे पत्ते पाठ नसतात. ज्यांना सोडायचंय त्यांचा पत्ता तो पुढच्या मोठ्या टपरीला विचारतो. ती कुठली, हे तुम्ही ठरवायचं. मी क्वाड नाइन घेतलंय, पत्ता ९.९.९.९. स्वित्झर्लंडमधली ना-नफा संस्था आहे, आणि फसवणुकीची माहीत असलेली ठिकाणं ती तिच्या पातळीवरच अडवते. अप्पांसाठी तो दुसरा कडीकोयंडा.

खरं काम राउटरमध्ये आहे, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. घरात नवं यंत्र आलं की राउटर त्याला दोन गोष्टी सांगतो, 'तुझा पत्ता हा, आणि चौकशी करायची ती अमुक टपरीवर.' याला डीएचसीपी म्हणतात. राउटरच्या पानावर लॅन किंवा डीएचसीपी असा भाग असतो, तिथे डीएनएसच्या रकान्यात आपल्या डबीचा पत्ता घालायचा. आमचा १९२.१६८.१.१० आहे. तो पत्ता डबीसाठी राखूनही ठेवायचा, नाहीतर एक दिवस राउटर तिला दुसरा पत्ता देईल आणि सगळं घर चुकीच्या दारावर थापा मारत बसेल.

त्याच्या खाली दुसरा रकाना असतो. तिथे हात शिवशिवतो. वाटतं, डबी बंद पडली तर असावं म्हणून ८.८.८.८, म्हणजे गूगलच्या टपरीचा पत्ता, टाकून ठेवू. टाकू नका. यंत्रं दुसरा पत्ता फक्त अडचणीच्या वेळी वापरतील, असा काही नियम नाही. मनाला येईल तेव्हा तिकडे जाऊन विचारतात, आणि मग निम्म्या जाहिराती दिसतात, निम्म्या नाहीत. मी पहिले चार दिवस याच कोड्यात घालवले.

कित्येक इंटरनेट कंपन्यांच्या राउटरमध्ये हा रकाना बदलताच येत नाही. तसं असेल तर राउटरचं डीएचसीपी बंद करा आणि पाय-होलमधलं चालू करा. पत्ते वाटायचं कामही मग डबीच करते. आणि आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, बघायला विसरू नका. आपल्याकडे आता बऱ्याच जोडण्यांवर ते असतं, आणि राउटर त्या वाटेने कंपनीच्या टपरीचा पत्ता परस्पर देत राहतो. सगळं नीट करूनही जाहिराती दिसत असतील तर पहिला संशय त्यावर घ्या. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. राउटरमधून ५३ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे डीएनएसची चौकशी ज्या खिडकीतून होते ती, बाहेरच्या जगाला उघडून देऊ नका. तुमची टपरी वापरून लोक दुसऱ्यांवर हल्ले करतात.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. यूट्यूबच्या जाहिराती जातात का? नाही जात. कारण टपरीवाल्याला फक्त पत्ता कळतो. यूट्यूबचा व्हिडिओ आणि त्यातली जाहिरात एकाच वाड्यात राहतात, दिंडी दरवाजा एकच. दार अडवलं तर व्हिडिओही अडतो. फेसबुक, इन्स्टाग्रामचंही तेच. कुणी सांगितलं की अमुक यादी टाकली की यूट्यूब साफ होतं, तर विश्वास ठेवू नका.

काही माग काढणाऱ्या कंपन्या याहून हुशार निघाल्या. एखाद्या साइटच्याच नावाची पाटी लावून आत भाडेकरू म्हणून राहायचं, म्हणजे यादीत नाव सापडत नाही. त्यावर २०२० साली पाय-होलच्या पाचव्या आवृत्तीत उतारा आला. आता टपरीवाला पाटीवर थांबत नाही, मूळ गाव कुठलं तेही विचारतो, आणि मूळ गाव यादीत असलं की हात जोडतो. आपल्या माणसांना ही चौकशी करायला शिकवावं लागत नाही.

कधी कधी चांगलं पानही अडकतं. गूगलवर शोधल्यावर वरती 'प्रायोजित' असे दुवे येतात, त्यावर बोट ठेवलं की काहीच उघडत नाही. आईला पहिल्यांदा वाटलं फोन बिघडला. तिला सांगितलं, दोन बोटं खाली ये, खरा दुवा तिथे आहे. आणि घराबाहेर, मोबाइल डेटावर, ही डबी काही करू शकत नाही. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतं, तिथे जाहिराती अडवणाऱ्या सेवेचं नाव घालता येतं. फक्त हे लक्षात ठेवा की ते घातलं की तो फोन घरातसुद्धा डबीला न विचारता परस्पर तिकडे जातो.

जाहिराती अडवल्या तर मराठी साइट चालवणाऱ्यांनी खायचं काय, हा प्रश्न मला पडतो. इथे एक अडचण आहे. टपरीवाल्याला तुम्ही कुठल्या पानावर आहात ते कळत नाही, त्यामुळे 'या एका साइटवरच्या जाहिराती राहू दे' असं त्याला सांगताच येत नाही. म्हणून ज्यांचं मी रोज वाचते त्यांची वर्गणी भरते. तुम्हीही भरा.

आता जे सांगायचंय ते जरा अवघड आहे. मघाचं ते रोजनाम्याचं पान फक्त टीव्हीचं नसतं. घरातल्या प्रत्येकाचं असतं. डबी बसवली त्या आठवड्यात मी रात्री ते पान चाळत होते, आणि मला दिसलं की धाकट्या भावाच्या फोनवरून रोज रात्री एकनंतर नोकरी शोधायच्या साइट उघडल्या जातायत. त्याची नोकरी जाणार होती. त्याने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढे महिन्याभराने त्याने सांगितलं, जेवताना, ताटाकडे बघत. आणि मला नव्यानेच कळल्यासारखा चेहरा करावा लागला. परक्या कंपन्यांनी घरात डोकावू नये म्हणून मी डबी आणली, आणि पहिली डोकावले मीच.

पाय-होलमध्ये गोपनीयतेच्या पातळ्या असतात, शून्य ते तीन. शून्यावर सगळं दिसतं. तीनवर ना कुणी विचारलं ते दिसतं, ना काय विचारलं ते, फक्त आकडे राहतात. मी त्याच रात्री तीन केलं, आणि भावाला बसवून ते दाखवलं, पहिल्या आठवड्यात काय दिसलं होतं तेही सांगितलं. काही बिघडलं तर तेवढ्यापुरतं शून्यावर आणते आणि घरात आधी सांगते. तुमच्या घरात बसवाल तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन हे आधी ठरवा, आणि घरच्यांना विचारून ठरवा.

दोन छोट्या गोष्टी राहिल्या. डबी आणि राउटर एकाच इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावा. आमच्याकडे लाइट गेली की राउटर चालू राहायचा, डबी बंद पडायची, आणि सगळ्यांना वाटायचं इंटरनेटच गेलं. मेमरी कार्डही कधीतरी दगा देतं, म्हणून टेलिपोर्टर नावाच्या सोयीतून सेटिंगची एक प्रत लॅपटॉपवर काढून ठेवा.

आणि मी पुण्यात असते, अप्पा कराडला. काही अडलं तर त्यांना माझी वाट बघावी लागू नये म्हणून राउटरवर एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिचा फोटो दाखवते.

(पडद्यावर: चिठ्ठीचा फोटो)

'अप्पा, एखादं पान उघडत नसेल तर फोनवर टपरीची खूण दाबा. पासवर्ड आईच्या डायरीत मागच्या पानावर. डिसेबल ब्लॉकिंग दाबा, ५ मिनिटं निवडा. काम करा. पुढे ते आपोआप चालू होतं. तुमच्या हातून काहीही बिघडणार नाही.' शेवटच्या ओळीखाली अप्पांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, 'दि. १४, वीजबिल भरले, जमले.'