टाळ्या व्हेनेझुएलात, हिशेब बेटांवर

[दृश्य : दूरचित्रवाणीवरील जुने चित्रण. टाळ्यांचा आवाज.]

८ जानेवारी २००६ रोजी, रविवारी, व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ यांच्या साप्ताहिक दूरचित्रवाणी कार्यक्रमात एक पाहुणा बोलू लागला. पाहुण्याचे वय ७८ वर्षे होते, तो अमेरिकेचा नागरिक होता आणि त्याचा आवाज अर्ध्या जगाच्या ओळखीचा होता. गायक आणि अभिनेते हॅरी बेलाफोंटे यांनी त्या दिवशी आपल्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांना जगातील सर्वांत मोठा जुलमी आणि सर्वांत मोठा दहशतवादी म्हटले, लक्षावधी अमेरिकी नागरिक तुमच्या क्रांतीच्या पाठीशी आहेत असे चावेझ यांना सांगितले आणि शेवटी स्पॅनिश भाषेत क्रांतीचा जयजयकार केला. त्यांच्यासोबत अभिनेते डॅनी ग्लोव्हर, विचारवंत कॉर्नेल वेस्ट आणि शेतमजुरांच्या नेत्या डोलोरेस वेर्ता हेही आलेले होते.

मायदेशात या वाक्यांची किंमत लगेच मोजावी लागली. त्याच महिन्यात, ३० जानेवारीला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी बोलण्यासाठी आपल्याला आलेले निमंत्रण मागे घेतले गेले, असे बेलाफोंटे यांनी पुढे सांगितले. त्या विधीला राष्ट्राध्यक्ष बुश उपस्थित राहणार होते. किंग यांच्या चळवळीसाठी ज्याने पैसा उभा केला आणि १९६४ च्या उन्हाळ्यात मित्र सिडनी पॉयटिए याला सोबत घेऊन ७०,००० डॉलर रोख मिसिसिपीतील कार्यकर्त्यांपर्यंत स्वतः पोहोचवले, त्याच माणसाला हे सोसावे लागले.

अमेरिकी वृत्तपत्रांनी या प्रसंगाचा अर्थ झटपट लावला. त्यांच्या मते चित्रपट आणि संगीताच्या दुनियेतील ही आणखी एक व्यक्ती परदेशी हुकूमशहाच्या आदरातिथ्याला भुलली होती. काही नामवंतांच्या बाबतीत असा अर्थ लावणे गैरही नाही. पण बेलाफोंटे व्हेनेझुएलात पर्यटक म्हणून गेले नव्हते, आणि त्यांच्या बोलण्यातील राग कुठून आला हे समजून घ्यायचे तर न्यूयॉर्क सोडून कॅरिबियन समुद्राकडे वळावे लागते.

[दृश्य : जमैकाचा किनारा, केळीच्या बागा, बंदराचा जुना धक्का.]

बेलाफोंटे यांचा जन्म १९२७ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात झाला, परंतु त्यांची आई जमैकाची होती आणि त्यांच्या बालपणाची बरीच वर्षे जमैकात, आजीजवळ गेली. जमैका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. केळी पिकत जमैकात, पण ती विकत घेणारी आणि बोटींत भरून नेणारी मोठी कंपनी अमेरिकेची होती. रात्रभर केळीचे घड बोटीवर चढवून पहाटे मोजदादीची वाट पाहणाऱ्या मजुरांचे जे गाणे बेलाफोंटे यांनी १९५६ साली जगभर पोहोचवले, ते मुळात याच धक्क्यावरचे श्रमगीत होते. जगाने त्यावर ठेका धरला. मजुरीचा आणि मोजणीचा भाग मात्र फारसा कोणी ऐकला नाही.

मराठी घरांत कॅलिप्सो या त्रिनिदादी गीतप्रकाराचे नाव बहुधा सुनील गावस्करांमुळे आले. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या आणि त्रिनिदादच्या एका गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो रचला. या गाण्याची जातकुळी आपल्या शाहिरीशी आणि वगातल्या टोमण्याशी जुळणारी आहे, कारण सत्ताधाऱ्याला भर चौकात नाव घेऊन चिमटा काढणे हे त्याचे कामच मानले जाते. म्हणूनच अमेरिकेने बेलाफोंटे यांना ‘कॅलिप्सोचा राजा’ ठरवले तेव्हा त्रिनिदादमध्ये नाके मुरडली गेली. तेथील खरा राजा होता मायटी स्पॅरो. १९५६ सालीच त्याने जे गाणे गाऊन कार्निव्हलची स्पर्धा जिंकली, ते त्रिनिदादमधील तळावरचे अमेरिकी सैनिक निघून गेल्यावर त्यांच्या डॉलरांवर जगणाऱ्या स्त्रियांचे काय झाले याबद्दलचे होते. ते गाणे फार दयाळू नव्हते, पण परकीय फौजेचा तळ गावात असणे म्हणजे काय, हे त्यात कोणत्याही भाषणापेक्षा स्पष्ट ऐकू येत होते.

हा तळ म्हणजे चाग्वारामास. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटनने अमेरिकेकडून ५० जुन्या विनाशिका घेतल्या आणि त्या व्यवहाराबरोबर आपल्या वसाहतींतील जमिनी लष्करी तळांसाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या. त्रिनिदादच्या लोकांना त्याबाबत कोणी विचारले नव्हते. इतिहासकार आणि पुढे त्रिनिदादचे पहिले पंतप्रधान झालेले एरिक विल्यम्स यांनी एप्रिल १९६० मध्ये भर पावसात मोर्चा काढून ही जमीन परत मागितली. कॅरिबियन राष्ट्रांचा समुदाय १९७३ साली ज्या करारातून जन्मला, तो करार याच चाग्वारामासमध्ये झाला, ही गोष्ट योगायोगाची म्हणता येणार नाही.

[दृश्य : हैतीतील डोंगरी किल्ला. त्यानंतर गयानातील उसाचे मळे.]

साम्राज्यवाद हा शब्द युरोपातील विद्यापीठांत सिद्धांत म्हणून शिकवला जातो, तर या बेटांवर तो कर्जाच्या आकड्यांतून आणि तारखांतून माहीत असतो. फ्रान्सच्या गुलामगिरीविरुद्ध लढून १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र झालेल्या हैतीकडून फ्रान्सने १८२५ साली युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक भरपाई म्हणून मान्य करून घेतले. म्हणजे जे गुलाम मुक्त झाले होते, त्यांनीच आपल्या जुन्या मालकांचे नुकसान भरून द्यायचे होते. ही रक्कम पुढे ९ कोटींवर आली, तरी ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांनी पिढ्या खाल्ल्या. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या बँकेतील पाच लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले आणि पुढच्या जुलैत फौजा उतरल्या, त्या १९३४ पर्यंत हलल्या नाहीत. ब्रिटिश गयानात १९५३ साली गिरमिटिया ऊसमजुरांच्या घरातील छेदी जगन निवडणूक जिंकून सत्तेवर आले, तेव्हा लंडनने अवघ्या १३३ दिवसांत फौज पाठवून राज्यघटनाच स्थगित केली.

हे सर्व ऐकत वाढलेल्या माणसाला वॉशिंग्टनशी भांडणारा नेता आवडावा, यात नवल नाही. पण याच मातीतून आलेला दुसरा माणूस नेमका विरुद्ध बाजूला उभा होता. बुश यांचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचे आईवडीलही जमैकाहूनच आलेले होते. इराकवरील युद्धाची तयारी सुरू असताना, ऑक्टोबर २००२ मध्ये, बेलाफोंटे यांनी पॉवेल यांची तुलना मालकाच्या घरात राबणाऱ्या गुलामाशी केली. पॉवेल यांनी ही उपमा दुर्दैवी असून ती जुन्या काळातली असल्याचे म्हटले. बेलाफोंटे यांची उपमा कठोर होती आणि आमच्या मते अन्यायकारकही होती. मात्र ऊसमळ्याची स्मृती किती ताजी आहे, हे तिने दाखवून दिले.

चावेझ यांना ही स्मृती चांगली कळत होती. सिमोन बोलिव्हार पराभूत होऊन हैतीच्या आश्रयाला आला, तेव्हा हैतीचा राष्ट्राध्यक्ष पेत्यों याने त्याला जहाजे आणि शस्त्रे दिली आणि त्या बदल्यात गुलामांना मुक्त करण्याचे वचन घेतले. हे ऐतिहासिक ऋण फेडण्याची भाषा चावेझ वारंवार करत असत, आणि ते केवळ भाषेवर थांबले नाहीत. जून २००५ मध्ये त्यांनी ‘पेट्रोकारिबे’ हा करार केला. त्यानुसार कॅरिबियन देशांनी तेलाच्या किमतीचा काही भाग लगेच द्यायचा आणि उरलेला २५ वर्षांत, अवघ्या एक टक्का व्याजाने फेडायचा होता. गयानासारख्या देशाने तेलाच्या बदल्यात तांदूळ दिला. ज्या बेटांना खुल्या बाजारात असे कर्ज कोणी उभे केले नसते, त्यांच्यासाठी हा मोठाच आधार होता. त्रिनिदाद, जो स्वतः तेल आणि वायू विकतो, आणि बार्बाडोस हे दोन देश मात्र या करारापासून दूर राहिले.

याच तेलाचा पैसा नामवंतांपर्यंतही पोहोचला. हैतीच्या स्वातंत्र्ययुद्धाचा नायक तुसाँ लुव्हेर्त्युर याच्यावरील चित्रपट डॅनी ग्लोव्हर यांना बरीच वर्षे काढायचा होता. २००७ साली व्हेनेझुएलाच्या संसदेने त्यासाठी आणि आणखी एका चित्रपटासाठी सुमारे १.८ कोटी डॉलर मंजूर केले. व्हेनेझुएलातील चित्रपट दिग्दर्शकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, कारण इतका पैसा त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. तुसाँवरचा तो चित्रपट पडद्यावर आला नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात व्हेनेझुएलात सरकारवर टीका करणाऱ्या एका जुन्या दूरचित्रवाणी वाहिनीच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले गेले. सप्टेंबर २००८ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेच्या प्रतिनिधींना देशाबाहेर काढण्यात आले. डिसेंबर २००९ मध्ये न्यायाधीश मारिया लुर्देस अफिउनी यांनी एका कैद्याची सशर्त सुटका केली, तेव्हा काही तासांत त्यांनाच अटक झाली आणि त्यांना ३० वर्षांची शिक्षा व्हावी असे चावेझ यांनी दूरचित्रवाणीवरून सांगितले. चावेझ यांच्या धोरणांचे कौतुक करणारे नोम चॉम्स्की यांनी २०११ साली उघड पत्र लिहून अफिउनी यांच्या सुटकेची मागणी केली. चित्रपटसृष्टीतील पाठीराख्यांपैकी फारच थोड्यांनी असे काही केले. त्यांना चावेझ हवे होते ते बुश यांचे विरोधक म्हणून. व्हेनेझुएलाच्या न्यायालयांत काय चालले आहे, हा प्रश्न त्या कथेत बसत नव्हता.

[दृश्य : नकाशा. एसेकिबो नदी आणि तिच्या पश्चिमेचा प्रदेश.]

बेटांना आणि किनाऱ्यावरील लहान देशांना मात्र असे एका बाजूनेच पाहणे परवडत नाही. गयानाच्या नकाशावर एसेकिबो नदीच्या पश्चिमेला सुमारे १,५९,५०० चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे. हे गयानाचे सुमारे दोन तृतीयांश क्षेत्र आहे, आणि १८९९ चा लवादाचा निवाडा अमान्य करून व्हेनेझुएला त्यावर आपला हक्क सांगतो. व्हेनेझुएलाच्या वाढत्या प्रभावाबद्दल एरिक विल्यम्स यांनी १९७५ सालीच जाहीर इशारा दिला होता, तेव्हा चावेझ लष्करी प्रबोधिनीतून नुकतेच बाहेर पडत होते. २०१५ साली गयानाच्या समुद्रात एका अमेरिकी कंपनीला तेल सापडले, वाद पेटला, आणि त्याच वर्षी तांदळाचा व्यवहारही थांबला. पुढे ३ डिसेंबर २०२३ रोजी चावेझ यांचे वारसदार निकोलस मादुरो यांनी या प्रदेशाबाबत सार्वमतच घेतले. साम्राज्यवादाविरुद्ध घोषणा देणारे सरकार शेजाऱ्याच्या दोन तृतीयांश भूमीवर बोट ठेवते आणि तो शेजारी रक्षणासाठी अमेरिकी तेल कंपनी व अमेरिकी लष्कराकडे पाहतो, हे गयानाच्या राजधानीतील, जॉर्जटाउनच्या वास्तवाचे वर्णन आहे.

हैतीतही चित्र पालटले. पेट्रोकारिबेतून उभे राहिलेले सुमारे दोन अब्ज डॉलर कुठे गेले, असा प्रश्न घेऊन २०१८ साली तरुण रस्त्यावर उतरले. त्यांचा रोष व्हेनेझुएलापेक्षा स्वतःच्या राज्यकर्त्यांवर अधिक होता.

या प्रश्नावर कॅरिबियन देश एकमुखाने बोलत नाहीत. २ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेने व्हेनेझुएलाहून निघालेली एक बोट अमली पदार्थांच्या वाहतुकीच्या आरोपाखाली उडवली आणि ११ जण मारले गेल्याचे जाहीर केले, तेव्हा त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर यांनी कारवाईचे उघड स्वागत केले, तर शेजारच्या अनेक नेत्यांनी हा समुद्र शांततेचा प्रदेश राहिला पाहिजे असे बजावले. त्रिनिदादचा किनारा व्हेनेझुएलापासून सुमारे ११ किलोमीटरवर आहे. तेथील सरकारने २०१९ साली १६,००० हून अधिक व्हेनेझुएलन स्थलांतरितांची नोंद केली होती.

ही फूटही जुनीच आहे.

[दृश्य : ग्रेनाडा. डोंगरउतारावरील सेंट जॉर्जेस शहर, त्यानंतर समुद्रालगतची धावपट्टी.]

ग्रेनाडा हे मायटी स्पॅरोचे जन्मस्थान. १३ मार्च १९७९ रोजी मॉरिस बिशप यांनी येथे सत्ता हाती घेतली आणि क्यूबाच्या मदतीने मोठा विमानतळ बांधायला घेतला. मार्च १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी याच धावपट्टीचे छायाचित्र दूरचित्रवाणीवर दाखवून ती लष्करी धोका असल्याचे सांगितले. पण बिशप यांना मारले ते अमेरिकेने नव्हे; १९ ऑक्टोबर १९८३ रोजी त्यांच्याच पक्षातील विरोधी गटाच्या सैनिकांनी त्यांना सहकाऱ्यांसह किल्ल्यात भिंतीला उभे करून गोळ्या घातल्या. सहा दिवसांनी अमेरिकी फौजा उतरल्या. डॉमिनिकाच्या पंतप्रधान युजिनिया चार्ल्स रेगन यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, जमैका आणि बार्बाडोस यांनी साथ दिली, त्रिनिदाद आणि गयाना विरोधात गेले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी या आक्रमणाबद्दल खेद नोंदवला.

ज्या धावपट्टीला रेगन यांनी धोका ठरवले होते, ती पुढे अमेरिकेच्याच पैशाने पूर्ण झाली आणि २००९ पासून त्या विमानतळाला मॉरिस बिशप यांचे नाव आहे. फौजा उतरल्या तो २५ ऑक्टोबर हा दिवस ग्रेनाडात आभारदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी बिशप यांच्या नावाच्या विमानतळावर उतरणारा प्रवासी शहरात पोहोचतो, तेव्हा कचेऱ्या आणि शाळा सुट्टीमुळे बंद असतात.