कायद्याच्या अहवालातून खऱ्या बचतीकडे
(फोंडा येथे उद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि उद्योजक बंधुभगिनींनो,

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 साली संमत झाला आणि 1 मार्च 2002 पासून अमलात आला. ठरावीक मर्यादेपलीकडे ऊर्जा वापरणाऱ्या उद्योगांना त्याने ऊर्जा व्यवस्थापक नेमणे, दरवर्षी वापराचे विवरण देणे आणि मान्यताप्राप्त लेखापरीक्षकाकडून ठरावीक काळाने ऊर्जा लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक केले. आपल्यापैकी काहींना ही बंधने थेट लागू आहेत. बाकीच्यांकडे बँक, निर्यातीचे ग्राहक किंवा मुख्य कंपनी तेच कागद मागते. या कामासाठी आपण पैसे आणि माणसांचा वेळ खर्च करतोच. तरीही अनेक ठिकाणी अहवाल फाइलला लागला की विषय संपतो आणि विजेचे बिल पूर्वीइतकेच येत राहते. याचे कारण आळस नाही, असे माझे मत आहे. कायदा आपल्याकडे संपूर्ण कारखान्याचा, संपूर्ण वर्षाचा एक आकडा मागतो. वीज वाया जाते ती मात्र एखाद्या यंत्रावर, एखाद्या पाळीत, एखाद्या तासाला. मोजमाप त्या पातळीवर उतरवले नाही, तर अहवाल कितीही बिनचूक असला तरी त्यातून एक युनिटही वाचणार नाही.

विवरणात आपण दर टन उत्पादनामागे लागणारी वीज लिहितो. समजा, एका कारखान्यात 100 टन उत्पादनाच्या महिन्यात 1,40,000 युनिट लागले आणि 200 टनांच्या महिन्यात 2,20,000. म्हणजे दर टनामागचा वापर 1,400 वरून 1,100 युनिटांवर आला आणि कागदावर एकवीस टक्क्यांची सुधारणा दिसली. प्रत्यक्षात कोणीही काहीही केलेले नाही. दोन्ही महिन्यांत दर टनाला 800 युनिटच लागले. त्याखाली उत्पादनाशी संबंध नसलेला 60,000 युनिटांचा स्थिर वापर होता, तो जास्त टनांवर वाटला गेला, एवढेच. उलट, मागणी घटली की हाच आकडा बिघडतो आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या अभियंत्याला विनाकारण जाब द्यावा लागतो. म्हणून निदान बारा महिन्यांचे उत्पादन आडव्या अक्षावर आणि वीजवापर उभ्या अक्षावर मांडून त्या बिंदूंमधून एक रेषा काढा. उत्पादन शून्य असताना ती रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते, तो आपला स्थिर वापर. माझ्या अनुभवात बचतीचा सर्वात स्वस्त भाग तिथेच सापडतो, कारण तो कमी करताना उत्पादनाला हात लावावा लागत नाही.

हा स्थिर वापर डोळ्यांनी पाहण्याची उत्तम संधी आपल्याकडे चवथीला येते. कामगार गावी गेलेले असतात, यंत्रे बंद असतात, आणि तरीही मीटर फिरत असतो. उच्चदाब मीटरमध्ये दर पंधरा किंवा तीस मिनिटांच्या भाराची नोंद साठवलेली असते, तिला आपण लोड सर्व्हे म्हणतो. सुट्टीच्या त्या दिवसांची नोंद मागवून घ्या आणि रात्री दोन वाजताचा भार बघा. तो चालू दिवसाच्या भाराच्या पाचव्या हिश्श्याइतका असेल, तर तो कशासाठी, हे प्रत्येक फीडरवर (कारखान्याच्या एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीवर) जाऊन शोधलेच पाहिजे. रिकामा चालणारा कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवरचा पंप, कोणी नसलेल्या कार्यालयातील वातानुकूलन, कमी भारावर ठेवलेला जादा ट्रान्सफॉर्मर, अशी यादी हळूहळू तयार होते.

कॉम्प्रेसरपाशी थोडे थांबतो, कारण वेर्णा असो वा कुंडई, गोव्यातल्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीत औषधे, प्लास्टिक किंवा पॅकिंगचे काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कारखान्यात तो असतो आणि हवेची गळती रोजच्या आवाजात ऐकू येत नाही. सर्व यंत्रे बंद असलेल्या दिवशी फक्त कॉम्प्रेसर सुरू करा आणि घड्याळ हातात घ्या. तो एक मिनिट भारावर (म्हणजे हवा दाबत) आणि तीन मिनिटे रिकामा चालत असेल, तर त्याच्या क्षमतेचा चौथा हिस्सा केवळ गळती भरून काढण्यात जात आहे. सात बारच्या वाहिनीला तीन मिलिमीटरचे एक छिद्र असले, तर त्यापायी साधारण तीन किलोवॅट जातात. वर्षाला आठ हजार तास धरले तर चोवीस हजार युनिट, आणि तेही एका छिद्राचे. गळती बुजवल्यावर दाब उतरवून बघा. दाब एका बारने कमी झाला की कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्क्यांनी घटते. हे काम देखभाल विभागाचा फिटर करू शकतो. त्यासाठी सल्लागाराची गरज नाही, आणि अशी कामे आधी न करता नव्या यंत्राच्या खरेदीकडे वळणे मला योग्य वाटत नाही.

हॉटेल व्यावसायिकांसाठी वेगळे सांगितले पाहिजे. गोव्यात, विशेषतः पावसाळ्यात, थंडाव्यापेक्षा हवेतील ओल काढण्याचा भार मोठा असतो. खोलीत कुबट वास आला की कर्मचारी तापमान आणखी खाली आणतात. त्याने भिंती अधिक गार होतात आणि बुरशी वाढते. पुष्कळदा मूळ कारण न्हाणीघरांचे एक्झॉस्ट पंखे असते. रिकाम्या खोल्यांतही ते चालू राहतात, आत घेतलेल्या हवेपेक्षा जास्त हवा बाहेर फेकतात, आणि मग फटींमधून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. आधी हा समतोल साधावा. त्यानंतर चिलरच्या (वातानुकूलनासाठी पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या) पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवता आले, तर कॉम्प्रेसरची सुमारे तीन टक्के वीज वाचते.

आता प्रमाणपत्रांविषयी. मोठ्या उद्योगांसाठी 2012 मध्ये ‘पॅट’ (परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड) योजना सुरू झाली. तिच्यात कारखान्यांना ऊर्जाबचतीचे उद्दिष्ट दिले गेले आणि त्याहून जास्त बचत करणाऱ्यांना विकता येतील अशी प्रमाणपत्रे मिळाली. पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतील 478 कारखाने होते आणि उद्दिष्टापेक्षा जास्त बचत झाली. जास्त बचतीची प्रमाणपत्रे 2017 पासून विकली जाऊ लागली, परंतु पुरवठा भरपूर आणि खरेदीदार कमी असल्याने भाव घसरला. ऊर्जा संवर्धन कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर आता कार्बन पतव्यापाराची, म्हणजे उत्सर्जनातील कपातीची प्रमाणपत्रे विकण्या-घेण्याची, चौकट आली आहे. त्यातून उत्पन्न मिळाले तर आनंदच आहे. मात्र गुंतवणुकीचा हिशेब मांडताना केवळ वाचलेल्या युनिटचा दर धरा, कारण तो आपल्या बिलावर छापलेला असतो.

या सर्वांत निर्णायक प्रश्न जबाबदारीचा आहे. विवरणावर सही करणाऱ्याला व्हॉल्व्ह बंद करण्याचा अधिकार नसतो आणि ज्याच्या हातात व्हॉल्व्ह असतो त्याला अहवाल दाखवलाच जात नाही. ऊर्जा व्यवस्थापकाला महिन्यातून एकदा उत्पादन, देखभाल आणि लेखा या तिन्ही प्रमुखांसोबत बसवा, समोर तीच रेषा ठेवा, आणि लेखापरीक्षकाची प्रत्येक शिफारस कोणाच्या नावावर व कोणत्या तारखेपर्यंत, हे तिथेच लिहून घ्या. बाहेरच्या कंपनीला बचतीच्या वाट्यावर काम देणार असाल, तर करार करण्यापूर्वी आधीच्या वर्षाची आधाररेषा (जिच्याशी तुलना करून बचत मोजायची तो मूळ वापर) दोघांनी मिळून निश्चित करावी. त्यात उत्पादनातील आणि हॉटेलांच्या बाबतीत भरलेल्या खोल्यांमधील चढउतारांसाठी दुरुस्ती कशी करायची, मीटर कोणाचा आणि वाचन कोण घेणार, हेही लेखी असावे. हे ठरले नाही तर पहिल्याच मंद हंगामात वाद होतो आणि चांगले चाललेले काम थांबते.