मेन लाईनवर मजले काऊन चढतात?

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात बस स्टँडवर उतरा आन मेन लाईननं, म्हणजे बाजाराच्या मुख्य रस्त्यानं चालत जा, फक्त नजर दुकानांच्या पाट्यांच्या वर ठेवा. खाली कापडाचं दुकान, वर डॉक्टर, त्याच्यावर कोचिंग क्लास. तेच गावाच्या टोकाला गेलं की सगळी घरं बैठी.

हे सगळं जागेच्या भावानं होते. समजा मेन लाईनवर 1000 फुटाचा प्लॉट आहे, भाव 4000 रुपये फूट, म्हणजे एक वीट लागायच्या आधीच 40 लाख गेले. बांधकाम 1000 फूटच केलं तर दर फुटावर जागेचेच 4000 बसतात, 2000 फूट केलं की 2000 वर येतात, म्हणून माणूस वर चढते. टोकाला भाव 400 असन तर स्लॅबवर स्लॅब कोण टाकन, तिथं आंगण होते, गाडी लावायला जागा होते.

किती चढायचं ते मात्र एफएसआय ठरवते, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येते तो नियमातला आकडा. 1000 फुटाच्या प्लॉटवर एफएसआय 2 म्हणजे 2000 फूट बांधकाम. आता लोकांना वाटते एफएसआय वाढवला की घरं स्वस्त होतीन, पण तेवढं सोपं नाही, कारण मालकालाही समजते की आता याच जागेवर जास्त फूट विकल्या जाईन, मंग तो जागेचाच भाव वाढवते. नागपुरात मेट्रोच्या दोन्ही बाजूच्या 500 मीटर पट्ट्यात रस्त्याच्या रुंदीप्रमाणं 4 पर्यंत एफएसआय दिला आहे, तिथं हाच हिशोब मोठ्या आकड्यात चालते.

तालुक्याला अडचण वेगळीच. एवढ्याशा इमारतीत लिफ्टचा खर्च निघत नाही, आन पायऱ्या चढून तिसऱ्या माळ्यावर गिऱ्हाईक येत नाही, म्हणून वरचे गाळे शटर पाडून पडलेले दिसतात.

आन दोन कॉम्प्लेक्सच्या मधात तो जुना मातीचा वाडा पाहा. कवेलू घसरले, दरवाजाला कुलूप. जागा लाखोंची, पण हिस्सेदार कोणी पुण्यात, कोणी नागपुरात, सगळ्यांच्या सह्या एका कागदावर येत नाहीत. गावाच्या बाहेर मात्र पराटी (कपाशी) उपटून काळ्या कसदार वावरात चुन्याच्या रेघा मारल्या, एनए (बिगरशेती) लेआउटचा बोर्ड लागला. मले हे खरंच खुपते. त्या वावरापर्यंत आता नगरपरिषदेला नळ, नाली, रस्ता सगळं नवं न्यावं लागन, आन वाड्याच्या दारापुढं तिन्ही आधीपासून आहेत.